'लॅबिरिन्थ' आठ वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

डोंगरवाट: तात्या विंचू बघून आमची लेक तीन रात्री दिवा चालू ठेवून झोपली होती. त्यामुळे बाहुल्या म्हटलं की धास्तीच. जिम हेन्सनचा बाहुल्यांचा सिनेमा 'लॅबिरिन्थ' (१९८६) झेपेल का? आणि आता जुनाट वाटतो का?

कढीपत्ता: बिनधास्त दाखवा. रडणाऱ्या सावत्र भावाला गॉब्लिनांनी (खोडकर पिशाच्चांनी) न्यावं असं सारा वैतागून बोलते, ते खरंच नेतात, आणि तेरा तासांत भूलभुलैया पार करून त्याला सोडवायचं. एवढीच गोष्ट. मी तर गोष्टीसाठी बघतच नाही. मी हात बघतो.

गॉब्लिनांचा राजा झालेला डेव्हिड बोवी बोटांवरून काचेचे गोळे फिरवतो ना, तो हात त्याचा नाहीच. मायकेल मोशेन नावाचा जगलर त्याच्या मागे दडून हात पुढे काढतोय, आणि त्याला स्वतःचे गोळे दिसतसुद्धा नाहीत. नुसत्या स्पर्शावर! हे कळल्यापासून तेवढा तुकडा कितीदा मागे घेऊन पाहिला, पण सांधा काही सापडत नाही.

साराला वाट दाखवणारा हॉगल म्हणजे पाच जणांचा मिळून एक बुटका. पोशाखात शारी वायझर, आणि चेहरा बाहेरून रेडिओवर चालवणारे चौघं. त्यांत हेन्सनचा मुलगा ब्रायन, आवाजही त्याचाच. तरी साराची प्लास्टिकची बांगडी बघून हॉगलच्या तोंडावर जी हाव येते, ती एकाच डोक्यातली वाटते.

भीतीचं म्हणाल तर एका खोल विवरात भिंतीभर हात आहेत, बोटं जुळवून चेहरे करतात आणि बोलतात. आमचा भाचा घाबरला नाही, उलट रात्री जेवताना दोन मुठींचं तोंड करून आईशी भांडत होता. मुंडकी काढून फेकणारी लाल भुतं मात्र पुढे ढकला. तिथे मागचं दृश्य चिकटवलेलं कळतं, जुनाट म्हणाल तर तेवढंच.

नारळीभात: भुतंच तर धमाल आहेत! बाकी तेव्हा सिनेमा सपशेल पडला होता. अडीच कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत गल्ला जेमतेम निम्मा. हेन्सननं पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केलाच नाही.

डोंगरवाट: काल बघितला. दिवा बंद करून झोपली. सकाळी एकच प्रश्न: एवढ्या गॉब्लिनांत ते बाळ खरंच घाबरलं नसेल का?

कढीपत्ता: तो टोबी, सिनेमाची पात्रं कल्पिणाऱ्या ब्रायन फ्राउडचा मुलगा. तिला सांगा, मोठा होऊन तो बाहुल्याच बनवायला लागला.