शब्दचर्चा : पडद्यावरचा 'प्रलंबित'

गिरणाकाठ :
फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या, नोंदीची स्थिती ऑनलाइन दाखवताना 'प्रलंबित' हा शब्द पुरेसा आहे का? मूळ 'लंब्' धातू, म्हणजे लोंबत राहिलेलं. जळगाव-धुळ्याकडे सेवा केंद्रावर माणूस विचारतो, "मना अर्ज कोठे शे?" त्या 'कोठे'चं उत्तर या शब्दात मिळत नाही.

तापीकाठ :
पुरेसा नाही. त्या एका शब्दाखाली तीन अवस्था दडतात. गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतली की नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. तोवर नोंद प्रमाणित करता येत नाही, म्हणून तिथे 'हरकतीची मुदत अमुक तारखेपर्यंत' असं तारखेसकट लिहावं. मुदत संपली, हरकत आली नाही, तर 'मंडळ अधिकाऱ्यांकडे प्रमाणीकरणासाठी'. हरकत आली तर 'हरकत दाखल, सुनावणी अमुक तारखेला'. पहिल्या वेळी थांबायचं असतं, दुसऱ्या वेळी पाठपुरावा करायचा, तिसऱ्या वेळी कागद घेऊन हजर राहायचं. नुसतं 'प्रलंबित' वाचून माणूस तिन्ही वेळा कचेरीत खेटा घालतो.

7/12 वरची 'प्रलंबित फेरफार' ही ओळ मात्र बरोबर आहे. जमीन घेणाऱ्याला तिथे असा फेरफार आहे की नाही, एवढंच पाहायचं असतं.

पांझराकाठ :
दाखल्यांच्या अर्जात 'त्रुटीसाठी परत' आणि 'नामंजूर' यांचीही गल्लत होते. परत आलेला अर्ज त्याच क्रमांकावर दुरुस्त होतो. नामंजूर झालेल्यावर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे 30 दिवसांत प्रथम अपील करता येतं. दोन्ही एकाच लाल पट्टीत दाखवले की कुणी विनाकारण नवा अर्ज भरून पुन्हा शुल्क देतो, कुणाची अपिलाची मुदत निघून जाते. आणि त्रुटी म्हणून 'कागदपत्रे अपूर्ण' एवढंच लिहू देऊ नका. 'शिधापत्रिकेचं मागचं पान जोडलेलं नाही' असं लिहिलं, तर एकाच फेरीत काम होतं.

गिरणाकाठ :
पटलं. अर्जातल्या क्षेत्राच्या रकान्याला 'हे.आर.' (हेक्टर-आर, 100 आर म्हणजे 1 हेक्टर) हे नाव चालेल?

तापीकाठ :
नाव चालेल, एकच चौकट चालणार नाही. '1.5' कुणी दीड हेक्टर म्हणून भरतं, कुणी 1 हेक्टर 5 आर म्हणून. फरक 45 आरचा, एकराहून जास्त! हेक्टर, आर, चौ.मी. अशा तीन चौकटी द्या आणि आरमध्ये 99 च्या वर आकडा घेऊच नका. दीड हेक्टर भरलं की खाली लगेच 'सुमारे 3 एकर 28 गुंठे' असं दिसू द्या. रावेर-यावलचा केळीवाला एकरातच बोलतो, चूक त्याला तिथल्या तिथे दिसते. साठवायचं मात्र हेक्टर-आरच, कारण अभिलेख त्यातच आहे.

पांझराकाठ :
'सादर करा'च्या शेजारी 'जतन करा' ठेवलं की लोक जतन करून अर्ज गेला असं समजतात. तिथे 'अपूर्ण ठेवा, नंतर भरू' लिहा, आणि अर्ज क्रमांक फक्त सादर केल्यावरच द्या.