इलेक्ट्रिक फायरप्लेस कुठली घ्यावी? (आई येत्येय आणि भिंतीला भगदाड आहे)

सातारी_मिरची:
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. घर व्हिक्टोरियन काळातलं, रांगेतलं. पुढच्या खोलीत चिमणीखाली जुनी गॅसची फायर होती, ती मागच्या थंडीत पेटेनाशी झाली. गॅस सेफ (इथली गॅसकाम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) मध्ये नाव असलेल्या माणसाला बोलावून ती काढली, पाइप नीट बंद करून घेतला. आता तिथे एक काळं भगदाड आहे. त्यात सध्या मुलीचे बूट आणि एक फुटबॉल राहतो.

नोव्हेंबरात आई साताऱ्याहून येत्येय, फेब्रुवारीपर्यंत. मागच्या खेपेला ती रोज संध्याकाळी रेडिएटरला पाठ टेकून बसायची. एकदा म्हणाली, "ऊब आहे गं, पण बघायचं कुठं?" ते माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे थंडीत दारापुढे शेकोटी पेटली की शेजारपाजारची चार माणसं आपोआप गोळा व्हायची. इथे टीव्हीपुढे तिघं बसतो तेही तीन वेगळ्या दिशांना तोंड करून.

लाकूड नको. आमचा भाग धूरबंदीच्या हद्दीत येतो, घरातल्या उघड्या फायरप्लेसमध्ये ओंडके जाळता येत नाहीत. म्हणून इलेक्ट्रिक. तीन प्रकार दिसले: भगदाडात बसणारी, भिंतीवर टांगायची लांबलचक, आणि पाण्याच्या धुक्यातून ज्वाळा दाखवणारी. बजेट ५०० पौंड. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात सगळ्या रेडिएटरना नवे व्हॉल्व्ह बसतील. त्याचं चूक नाही, म्हणून जास्तच राग येतोय. कोणी वापरलीये का?

वायरमन_लीड्स:
ताई, आधी विजेचा हिशोब सांगतो, मग भांडायचं तर भांडा.

प्लगवर चालणाऱ्या बहुतेक फायर दीड-दोन किलोवॅटच्या असतात. दोन किलोवॅटची तासभर चालली की दोन युनिटं. युनिट २६ पेन्सचं धरलं, तर तासाला ५२ पेन्स. रोज चार तास पूर्ण ताकदीने चालवलीत तर महिन्याला साठ पौंडांच्या वर. गॅसचं युनिट ६ पेन्सला धरलं, तर रेडिएटरचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता धरूनही ७. म्हणजे घर तापवायचं काम बॉयलरचंच, त्यात साहेब बरोबर आहेत.

आणखी एक. आठशे पौंडांची फायर काय, वीस पौंडांचा फॅन हीटर काय, एका युनिटमागे उष्णता दोघांची तेवढीच. खोक्यावर 'कमी विजेत जास्त ऊब' असं काही लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जा.

पण आईंना बघायला हवंय ना? मग हीटर बंद ठेवून नुसती ज्वाळा लावा. एलईडी असेल तर वीसेक वॅट. चार तासांचे दोन पेन्स. हा हिशोब साहेबांना दाखवा.

प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्येच. एक्स्टेन्शन नको, आणि गुंडाळीवरचं तर मुळीच नको, वायर गुंडाळलेली राहिली की आतून तापते. पहिल्या दिवशी हीटर अर्धा तास चालवून प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर सॉकेट बदला. जुन्या घरांत हे हमखास निघतं.

सेकंडहँड घेणार असाल तर थर्मोस्टॅट आणि टायमर आहे का बघा. २०१८ पासून असल्या हीटरसाठी नियम कडक झालेत. बऱ्याच नव्या मॉडेलांना खिडकी उघडली की कळतं आणि हीटर आपला आपण बंद होतो. आई हवा खेळती राहावी म्हणून दार उघडं ठेवतील आणि फायर बिघडली म्हणून तुम्ही मला लिहाल, म्हणून आधीच सांगितलं.

खिचडी_आणि_पापड:
धुक्यावाली माझ्याकडे आहे. दिसायला तिच्यासारखी दुसरी नाही, एवढं आधी कबूल करते. आत पाण्यात एक चकती सूक्ष्म थरथरते, त्यातून थंड तुषार उठतात आणि खालून नारिंगी उजेड पडतो. पाहुण्यांची मुलं हात घालायला जातात.

माझी चूक ऐक. पहिला महिनाभर मी नळाचं पाणी भरलं. आमच्याकडचं पाणी जड, आणि रेडिंगचं तर त्याहून जड असेल. तुझ्या किटलीच्या तळाला जो खडूसारखा थर बसतो ना, तोच त्या चकतीवर बसला. ज्वाळा खंगत गेली, डाव्या बाजूला तर जवळजवळ गायब. एकादशी धरल्यासारखी दिसायची. तेव्हापासून फिल्टर बसवलेल्या जगमधलंच पाणी, आणि दर पंधरवड्याला मऊ ब्रशने चकती साफ. रोज संध्याकाळी लावली तर टाकी सारखी भरावी लागते. आईंना ते काम मिळालं तर कदाचित आवडेलही, पण वाकायला लागतं. आणि मुख्य म्हणजे ५०० पौंडांत बसणं कठीण.

निम्मा_पुणेकर:
टांगायची नका घेऊ. कोनाडा असताना भिंतीवर चित्र लावल्यासारखी फायर लावायची म्हणजे देवघर रिकामं ठेवून देव फ्रिजवर बसवायचे.

भगदाडाचं माप घ्या. इथलं ठरलेलं माप १६ इंच रुंद, २२ इंच उंच, आणि बऱ्याचशा आत बसणाऱ्या फायर त्यासाठीच केलेल्या असतात. लोक रुंदी-उंची मोजतात आणि खोली विसरतात. आत विटांचा तिरपा पाठभाग अजून असेल तर वरच्या बाजूला जागा कमी मिळते, म्हणून खोली वर आणि खाली दोन्हीकडे मोजा. मी वर्तमानपत्र कापून, चिकटवून दोन दिवस ठेवलं होतं. तेव्हा कळलं की सोफ्यावरून ज्वाळा टेबलामागे जातेय.

गरम हवा कुठून बाहेर पडते ते विचारा. वरून पडत असेल आणि वर टीव्ही असेल तर तो भाजून निघेल.

आणि चिमणी सगळी चोंदू नका. वरून पाऊस येऊ नये म्हणून टोपी आणि खाली हवेसाठी छोटी जाळी, एवढं हवंच. हवा फिरली नाही की भिंतीला ओल येते. आमच्याकडे नवा रंग एका पावसाळ्यात फुगला. (इथे पावसाळा म्हणजे जानेवारी ते डिसेंबर.)

सातारी_मिरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुकानात जाऊन आले.

माप निघालं १६ बाय २२, पण आत तो तिरपा पाठभाग होताच. वरच्या बाजूला खोली जेमतेम पाच इंच. म्हणजे जाडजूड मॉडेलं आपोआप बाद. धुक्यावालीपुढे दहा मिनिटं उभी राहिले, मग किंमत बघितली, मग किटलीचा तळ आठवला.

दुकानदाराला म्हटलं, वरचे दिवे घालवा. तो जरा बिचकला, पण घालवले. तेव्हा खरं कळलं. एका मॉडेलमध्ये दर पाच-सहा सेकंदांनी तीच ज्वाळा त्याच ओंडक्यामागून तशीच वर यायची. एकदा ते दिसलं की दुसरं काही दिसेना. दुसरीत निखारे वेगळे लुकलुकत होते, ज्वाळेपेक्षा सावकाश. ती घेतली. लाकूड तडकल्याचा आवाज काढायचं बटणही आहे. ते लावलं तर कोणीतरी चिप्सची पिशवी चुरगाळतंय असं वाटतं, ते बंदच राहील. हीटरचा पंखाही घुमतो, पण आमची खोली बॉयलरवरच तापणार, तेव्हा चालेल.

२८० पौंड झाले. उरलेल्यात पुढच्या दोन खोल्यांचे व्हॉल्व्ह. नवऱ्याने वीस वॅटचा हिशोब दोनदा वाचला आणि काही बोलला नाही.

दुकानातूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "राख कोण काढतं?"

म्हटलं, राख नसतेच.

"मग शेंगा कुठं भाजायच्या?"