तारण झालंय तर मग तेच पाप परत परत का होतं?

साधाप्रश्न
सगळ्यांना जय ख्रिस्त. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वी मी प्रभू येशूला तारणारा, म्हणजे पापातून सोडवणारा, म्हणून स्वीकारलं, बाप्तिस्मा घेतला, आणि पहिले काही महिने तर असं वाटायचं की आतलं घर कुणीतरी झाडून पुसून लख्ख केलंय. पण माझा राग काही गेला नाही. बायकोवर ओरडतो, मुलाला नको ते बोलून जातो, मग रात्री रडत प्रार्थना करतो, क्षमा मागतो, आणि आठवडाभरात परत तेच. मागच्या महिन्यात एका प्रार्थनेच्या मिटिंगला गेलो तर तिथल्या एका भावाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझ्यात रागाचा आत्मा आहे, तो काढावा लागेल, आणि निघत नसेल तर तुझं तारण झालेलंच नाही. तेव्हापासून धड झोप नाही मला.

प्रभूची प्रार्थना रोज म्हणतो, त्यात 'आम्हाला वाइटापासून सोडव' येतं आणि मी तिथेच अडकतो. ऑलरेडी सोडवलंय तर रोज का मागायचं? आणि सोडवलं नसेल तर वधस्तंभावर नेमकं काय झालं? प्लीज कुणीतरी नीट समजावून सांगा.

शब्दांची_ओढ
भाऊ, आधी झोपेचं. बायबलमध्ये योहान १० मध्ये प्रभू येशू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही. ती पकड त्याची आहे, तुमची नाही, त्यामुळे तुमचा हात सुटला म्हणजे सगळं संपलं असं होत नाही.

आता तुम्ही जिथे अडकलात तो शब्द बघा कारण उत्तर तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं. मूळ ग्रीकमध्ये 'सोडव' साठी जे क्रियापद आहे (ऱ्युओमाय, म्हणजे संकटातून ओढून बाहेर काढणे) तेच प्रेषित पौलाने आपल्या पत्रात, कलस्सै १:१३ मध्ये, वापरलंय, पण भूतकाळात. देवाने आपल्याला अंधाराच्या सत्तेतून सोडवलं आणि आपल्या प्रिय पुत्राच्या राज्यात आणून ठेवलं, झालं, काम पूर्ण. आणि तोच पौल रोम ७:२४ मध्ये तेच क्रियापद भविष्यकाळात घेऊन विचारतो की मी किती कष्टी माणूस, मला या मरणाच्या देहातून कोण सोडवील? म्हणजे एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही आहे. २ करिंथ १:१० मध्ये तर एकाच वचनात येतं, त्याने आम्हाला सोडवलं आणि पुढेही सोडवील. तिथे विषय पापाचा नाही, आशिया प्रांतात त्याच्या जिवावर बेतलं होतं त्याबद्दल तो लिहितोय, पण देवाची सोडवण्याची रीत तीच दिसते, केलंय म्हणूनच पुढचं मागायचं धाडस होतं.

अजून एक जागा आहे आणि ती वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. मत्तय २७:४३. येशू वधस्तंभावर आहे आणि खाली उभे असलेले धर्मपुढारी टोमणे मारतायत की याचा देवावर भरवसा आहे ना, मग देवाने आता याला सोडवावं. तेच क्रियापद! ज्याने आपल्या शिष्यांना 'आम्हाला सोडव' असं मागायला शिकवलं त्याला स्वतःला त्या दुपारी कुणी सोडवलं नाही. वधस्तंभावर काय झालं विचारलंत ना, मी तरी तिथूनच समजून घ्यायला सुरुवात करतो. तो सुटला नाही म्हणून आपण सुटलो, आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्याला मरणातूनच उठवलं.

आणि 'वाइटापासून' हा शब्दही ग्रीकमध्ये दोन्ही प्रकारे वाचता येतो, वाईट गोष्टीपासून किंवा त्या दुष्टापासून म्हणजे सैतानापासून. त्यामुळे तुमच्या रागासाठीही ती विनंती आहे आणि त्या रागाचा फायदा घेणाऱ्याविरुद्धही.

मिस्साची_घंटा
वरचं सगळं पटलं. मी कॅथलिक आहे त्यामुळे आमच्या बाजूचं थोडं सांगते. आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रभूची प्रार्थना झाली की फादर लगेच तोच धागा पुढे नेऊन म्हणतात की प्रभू, आम्हाला सगळ्या दुष्टाईपासून सोडव. म्हणजे बाप्तिस्मा झालेले लोक, कम्युनियन (प्रभुभोजनाची भाकर) घ्यायच्या ऐन आधी, रोज हे मागतात. यात कुणाला विसंगती वाटत नाही.

आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये हेच स्पष्ट केलं होतं की बाप्तिस्म्याने मूळ पाप (आदामापासून जन्मतःच आलेलं) धुतलं जातं पण पापाकडे असलेली ओढ राहते, आणि आपण तिच्याशी झगडावं म्हणून राहते. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं म्हणणं जरा वेगळं होतं, विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही आणि पापीही. यावरून केवढी भांडणं झाली, पण १९९९ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिक दोघांनी मिळून घोषणेवर सह्या केल्या की आपण केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने स्वीकारले जातो. आपल्या चांगल्या वागण्याच्या जोरावर नाही.

त्या भावाबद्दल मात्र मला राग आला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे बिशपच्या खास परवानगीशिवाय कुणी भूत काढायचा विधी करूच शकत नाही, आणि आधी आजार तर नाही ना याची खात्री करावी लागते. हे नियम उगाच नाहीत, घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून असलं काही सांगितलं की काय होतं ते तुम्ही बघताच आहात. मी दर महिन्याला पापनिवेदनाला जाते आणि खूपदा तेच पाप सांगते. फादर एकदाही म्हणाले नाहीत की मग तुझं तारण खोटं.

तिसरी_बाक
मी थोडं कडक बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

सैतान आहे, येशूने भुतं काढली, हे मी शंभर टक्के मानतो. पण गलती ५ मध्ये पौल राग, भांडणं, मत्सर यांची यादी देतो तेव्हा त्यांना देहाची कर्मे म्हणतो, आत्मे म्हणत नाही. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारलं तरी येशूने त्याच्यातून काही काढलं नाही, किनाऱ्यावर न्याहारी दिली आणि तीनदा विचारलं की माझ्यावर प्रीती करतोस का. त्यामुळे रागाचा आत्मा वगैरे डोक्यातून काढा. आणि एकदा का दोष आत्म्यावर टाकला की तो माझा राहत नाही, मग पश्चात्ताप कोण करणार?

आता तुमच्याबद्दल. तुम्ही रात्री रडून देवाची क्षमा मागता हे लिहिलंत. बायकोची मागितली का? मुलाची? ते पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही म्हणून विचारतोय. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी तारण आलं तेव्हा तो उठून म्हणाला, ज्याचं फसवून घेतलंय त्याला चौपट परत देतो. इफिस ४ मध्ये लिहिलंय की राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका आणि सैतानाला वाव देऊ नका, म्हणजे दार आपणच उघडं ठेवतो, आणि बंद करायची वेळ संध्याकाळची आहे, त्याच दिवशीची.

तुम्ही झाडलेल्या घराचं लिहिलंत, तो दाखला मत्तय १२ मध्ये आहे, पण ज्या घरात अशुद्ध आत्मा परत शिरला त्याची अडचण ही होती की ते रिकामं होतं. राग काढून टाकायच्या मागे लागण्यापेक्षा तिथे कोण राहायला आलंय ते बघा. आणि राग हाताबाहेर जात असेल तर समुपदेशकाकडे जा, डॉक्टरकडे जा, त्याने विश्वास कमी होत नाही.

साधाप्रश्न
सगळ्यांचे मनापासून आभार. ते टोमण्यांचं वचन मी इतक्या वेळा वाचलंय पण माझ्या प्रार्थनेतला शब्द तिथे आहे हे माहीतच नव्हतं, काल रात्री परत परत वाचलं.

तिसरी_बाक, तुमचं लागलं, पण बरोबर आहे. देवाची क्षमा हजारदा मागितली, मुलाची एकदाही नाही. मला वाटायचं बापाने सॉरी म्हटलं तर मान राहत नाही. आज सकाळी म्हणालो. तो काही बोलला नाही, नुसता मान खाली घालून बसला, मग उठून गेला. आता काय करू कळत नाही, परत बोलू की थोडे दिवस जाऊ देऊ?

तिसरी_बाक
थांबा थोडं. चार वर्षं त्याने ओरडणं ऐकलंय, एका सकाळीत त्याने विश्वास ठेवावा ही अपेक्षा नको. त्याच्या आईशी आज बोला, सूर्य मावळायच्या आत. तुम्हा तिघांसाठी आज प्रार्थना करतोय.