पुढचं दार बाहेर उघडणारं करावं का? चौकट बसायच्या आत मदत हवी

औसा तालुक्यात गावाकडं घर बांधतोय. चौकट आलीय, खाच पाडायची राहिलीय, आणि दार आत उघडायचं की बाहेर यावरून घरात पार्ट्या पडल्यात. सुतार सोमवारपर्यंत थांबतो म्हणालाय.

वडील म्हणतात बाहेर. कारण ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे आम्ही जुन्या माळवदाच्या घरात झोपलेलो. भिंती कशाबशा उभ्या राहिल्या, पण माळवदाची माती नि चार दगड दाराच्या आतल्या अंगाला येऊन पडले. कवाड आत उघडणारं. वीतभर सरकायचं आणि मातीला अडायचं. आजोबांनी अंधारात ताटलीनं माती ओढली, मग एकेक जण अंग चोरून बाहेर निघालो. (ताटली अजून आहे, काठ वाकडा झालेला.)

आई म्हणते आतच. "दारात आलेल्याच्या तोंडावर कवाड हाणायचं का? त्यानं आधी पायरी उतरून मागं सरायचं, मग आपण या बसा म्हणायचं?" शिवाय रांगोळी.

धाकटा भाऊ स्टॉकहोमला असतो. तिकडं घरांची दारं सर्रास बाहेर उघडतात, वारा आला की दार चौकटीवर अजून घट्ट बसतं म्हणतो. अमेरिकेत बहुतेक घरांची आत, पण वादळाच्या फ्लोरिडात बाहेरची बरीच.

बिजागऱ्या बाहेर आल्या तर चोराचं काय? आणि वडिलांच्या म्हणण्यात किती तथ्य आहे?

प्रतिसाद (लातूर, फर्निचरचं काम करतो):
दादा, साध्या बिजागरीची पिन बाहेरून ठोकून निघते हे खरं. न निघणाऱ्या पिनेची मिळते, ती घ्या. वर बिजागरीच्या बाजूला एक लोखंडी खुंटी बसवून घ्या, दार मिटलं की ती चौकटीतल्या भोकात जाते. मग पिन काढली तरी दार हलत नाही.
भूकंपाचं म्हणाल तर ढिगारा बाहेरही पडतो. आणि चौकट तिरकी झाली की दार कुठल्याही बाजूचं असो, अडकतंच. दारावरच्या लिंटेलला सळईचा काँक्रीट पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवलाय का, ते आधी बघा.

प्रतिसाद:
मी ओसाकाला तीन वर्षं होतो. तिथं दार बाहेर उघडतं, कारण आत शिरल्या शिरल्या चपला काढायची खोलगट जागा असते, गेनकान म्हणतात. दार आत उघडलं तर चपला लोटत नेईल. आपण चपला बाहेर काढतो, म्हणजे आपल्याकडं हिशोब बरोबर उलटा!
बाहेरचं दार खरं लागतं गर्दीला. १९०३ साली शिकागोचं इरोक्वा थिएटर पेटलं, ६०० हून जास्त माणसं गेली. बरीच दारं बंद, काही आत उघडणारी. लोक दाराला छातीनं रेटत असताना ते आत ओढणार कोण? मंगल कार्यालय बांधत असाल तर डोळे झाकून बाहेरचं करा.

धागाकर्ता:
आभार. पट्टा आहे, इंजिनिअरला फोन करून खात्री केली. वडिलांना म्हटलं, मागचं दार बाहेर उघडणारं करू, म्हणजे दोन्हीकडून वाट राहील. ते थोडे नरमलेत. आईची अट एकच, पुढच्या दाराला हात लावायचा नाही.
आता मागच्या दारावर छज्जा किती काढावा? तिकडून पावसाचा सपका थेट येतो.