मॅनेजरच टीममधल्यांची उणीदुणी काढत असेल तर त्याला काही सांगायचं की नाही?

कोथरूडचा_मी:
हिंजवडी फेज 2, आठ जणांची टीम. चार वाजले की साहेब आम्हा दोघातिघांना टपरीवर नेतात आणि कटिंग हातात आली की सुरू, कोण इंटरव्ह्यू देतंय, कोणाचं घरी पटत नाही. सुरुवातीला भारी वाटायचं, आपण त्यांच्या विश्वासातले म्हणून. मग एक दिवस टीममधल्या एकीबद्दल म्हणाले, तिच्या नवऱ्याची नोकरी गेलीय, आता ती कुठे जात नाही, या वर्षी हाइक नाही दिली तरी चालेल. तिने हे त्यांना रडत सांगितलेलं, शिफ्ट बदलून हवी होती म्हणून. मी तेव्हा नुसती मान डोलावली, ते अजून टोचतं. पुढच्या महिन्यात वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तर रजेच्या मेलमध्ये मी व्हायरल लिहिलं आणि दोन दिवस हॉस्पिटलच्या जिन्यात बसून कॉल घेतले. खरं सांगायची भीतीच बसलीय. मॅनेजरने हे बंदच करायला हवं.

चाकण_सेकंडशिफ्ट:
तुमच्या साहेबाचं चुकलंच, पण बंदच करा हे नाही पटत. मी कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, सुपरवायझर आहे. एका ऑपरेटरची बायको माहेरी गेलीय, पोरगा रात्रभर झोपत नाही, हे मला कँटीनमध्येच कळलं, त्याने स्वतः कधीच सांगितलं नसतं. त्याला नाइटला पॉवर प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकला आणि लाइन लीडरला कारणही सांगितलं. झोप नसलेल्या माणसाचा हात डायमध्ये जायला किती वेळ लागतो? कोणी याला चुगली म्हणालं तरी मी परत तेच करेन.

पर्वती_पायथा:
+1. रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश संशोधकाने 1990च्या दशकात लोकांच्या गप्पा ऐकून नोंदी केल्या होत्या, साधारण दोन तृतीयांश बोलणं कोण कसं नि कोणाचं काय चाललंय असंच निघालं. स्टाफने साहेबाबद्दल दिवसभर बोलायचं आणि साहेबाने तेवढं तोंड शिवून बसायचं, हे कसं?

एचआरवाली_ताई:
कारण साहेबाच्या हातात रेटिंग असतं, स्टाफच्या नसतं! बारा वर्षं हेच बघतेय, चहावर बोललेलं वाक्य अप्रेजल मीटिंगमध्ये येतं, 'तिचं सध्या लक्ष नाही' एवढंच, आणि चारचं तीन होतं. 1998 मध्ये अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले होते, दुसऱ्याला कपटी म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला नकळत स्वतःच कपटी वाटायला लागतो. आणि लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2013 च्या कायद्यात कलम 16 आहे, तक्रारीतला मजकूर, नावं, पत्ते बाहेर जाहीर करायला बंदी. चाकणवाले दादा, तुम्ही लाइन लीडरला सांगितलंत ते त्या माणसाचा हात वाचावा म्हणून, त्याला कोण चुगली म्हणेल? पण त्या ऑपरेटरला विचारलं होतंत का?

चाकण_सेकंडशिफ्ट:
नाही विचारलं. आणि खरं सांगायचं तर तो नंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मला वाटलेलं पॅकिंगला टाकलं म्हणून राग असेल.

कोथरूडचा_मी:
दादा, राग पॅकिंगचा नसेल. सगळ्यांना कळलं याचा असेल. मला तसाच आला असता, हात वाचला असता तरी. उद्या माझं साहेबांबरोबर वन ऑन वन आहे, वडिलांचं खरं सांगतो आणि हेही सांगतो की सर, हे टपरीवर नको.