मदत हवी आहे: बेसबॉलचा जुना बॉक्स स्कोअर (मॅचचा आकडेतक्ता) टॅली होत नाहीये

लेगबाय:
मंडळी, इथे बेसबॉल बघणारं कोणी आहे का? मी क्लब क्रिकेटचं स्कोरिंग करतो, आणि अमेरिकेतला भाचा आता पोराच्या लिटल लीग टीमची वही सांभाळणार आहे, तर म्हणे मामा तूही शिकून ठेव, अडलं की तुलाच विचारीन (आता बोला!). सरावाला म्हणून त्याने २६ मे १९५९ ची मॅच पाठवली, मिलवॉकी ब्रेव्हज विरुद्ध पिट्सबर्ग पायरेट्स. नवशिक्याला हीच द्यायची होती का?

पायरेट्स ० रन, १२ हिट (फटका मारून बेस गाठणं), १ एरर (क्षेत्ररक्षणातली चूक). ब्रेव्हज १ रन, १ हिट, ० एरर. बारा हिटवाले हरले! पायरेट्सचा पिचर (म्हणजे आपला बोलर) हार्वी हॅडिक्स याने १२ इनिंग, म्हणजे ओळीने ३६ जण आउट काढले, एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, आणि १३व्या इनिंगमध्ये बिचारा हरला. त्याच्या नावापुढे १२.२ लिहिलंय, ते आपल्या ओव्हरसारखं १२ आणि २ बॉल का? रन १ पण अर्न्ड रन (एररच्या मदतीशिवाय गेलेला रन) ०, मग हरल्याचा शिक्का त्याच्यावर कसा? आणि वाचलं त्याप्रमाणे जो अ‍ॅडकॉकने बॉल कुंपणाबाहेर मारला होता, तर इथे होमरन न दिसता डबल (दोन बेसचा फटका) का दिसतोय?

खरी अडचण पुढेच आहे. मला टॅली केल्याशिवाय वही मिटवत नाही, फलंदाजांच्या धावा अधिक एक्स्ट्रा एकीकडे, बोलरने दिलेल्या दुसरीकडे, बाय-लेगबाय धरून जुळलंच पाहिजे. इथे ब्रेव्हजचे अ‍ॅट बॅट (हिशोबात धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्या) ३८, वॉक (फुकट मिळालेला फर्स्ट बेस) १, सॅक्रिफाइस १, झाले ४०. समोर आउट ३८ आणि रन १, म्हणजे ३९. एक माणूस गायब!! कुठे गेला?

नववी_इनिंग:
काका, तो माणूस हँक अ‍ॅरन आहे :)

१३वी सुरुवातीपासून बघा. फेलिक्स मँटियाचा बॉल थर्ड बेसमन डॉन होकने उचलला पण फर्स्टला थ्रो खराब केला, म्हणून एरर. एडी मॅथ्यूजने बंट करून (बॅट हलकेच लावून) स्वतः आउट होत त्याला सेकंडवर नेलं, हा सॅक्रिफाइस, अ‍ॅट बॅटमध्ये धरत नाहीत. अ‍ॅरनला मुद्दाम वॉक दिला, तोही धरत नाहीत. मग अ‍ॅडकॉकचा तो फटका. मँटिया घरी आला, अ‍ॅरनला वाटलं मॅच संपली, म्हणून तो सेकंड टेकून डगआउटकडे वळला आणि मागून पळत आलेला अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे गेला. पुढच्याला ओलांडलं की ओलांडणारा आउट, म्हणून होमरन गेला, डबल राहिला, आणि शेवटी नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी स्कोअर १-० असा कायम केला.

अ‍ॅरन आउटही नाही, रनही नाही, म्हणजे लेफ्ट ऑन बेस (बेसवरच राहून गेलेला) १. खाली बारीक अक्षरात असेल, तो उजवीकडे मिळवा, झाले ४०.

१२.२ म्हणजे १२ इनिंग आणि २ आउट (मॅथ्यूज, अ‍ॅडकॉक), तिसरा आउट पडला की १३. आणि जिंकवणारा रनर एररवर पोचला होता म्हणून तो रन अनअर्न्ड, पण जिंकवणारा रन ज्याच्या खात्यात, हार त्याचीच.

लेगबाय:
जुळलं! लई भारी वाटलं, आभार. अ‍ॅरन बारीक अक्षरातच निघाला. इतकं करून हॅडिक्सच्या नावावर परफेक्ट गेम तरी आहे ना?

नववी_इनिंग:
नाही. १९९१ मध्ये व्याख्या कडक केली, पूर्ण मॅचभर कोणी बेसवर पोचता कामा नये, त्यात हा यादीतून गेला. समोरच्या ब्रेव्हजचा पिचर लू बर्डेटने १३ इनिंगमध्ये १२ हिट खाऊन शून्य रन दिले आणि विन त्याला. मला विचाराल तर हा अन्याय आहे, पण नियम तो नियम.

सिली_पॉइंट:
लेगबाय, टॅलीची सवय तुम्हाला इथेही पुरेल, बॉक्स स्कोअर रुळवणारा हेन्री चॅडविक मूळचा क्रिकेटचाच वार्ताहर. पण भाच्याला एक सांगून ठेवा. आपल्याकडे अंपायरने खूण केली की आपण फक्त लिहायचं. तिथे हिट की एरर हे स्कोररच ठरवतो. आणि लिटल लीगमध्ये पोराच्या नावापुढे एरर लावला की आईबाप बाकावरून उठून वहीत डोकावायला येतात, तेव्हा पेनाने लिहू नको म्हणावं.