मदत हवी आहे: दोर्दोन्यमधले किल्ले, चर्च आणि आई-बाबा

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात पाच दिवस राहायचा विचार आहे. बाबांनी तरुणपणी राजगड, तोरणा पालथे घातलेत. त्यामुळे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे असलेले बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले त्यांना दाखवायचेच आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात (१३३७ ते १४५३) एक फ्रेंचांकडे, तर दुसरा बराच काळ इंग्रजांकडे होता! पण आता बाबांचे गुडघे दुखतात. बेनाकला गावातला दगडी चढ टाळून गाडीने वरपर्यंत जाता येतं का?

आईला सँ-तामाँ-द-कोलीचं तटबंदीचं जुनं चर्च बघायचंय. तिथे बसने जाणं जमेल, की गाडी भाड्याने घ्यावीच लागेल? बोर्दो शहरातून दोर्दोन्यमधल्या सार्ला गावापर्यंत ट्रेन आहे, अडचण पुढची आहे. उजव्या बाजूने गाडी चालवायची मला अजिबात सवय नाही, आणि अरुंद रस्त्यांची धास्ती वाटते.

आई पूर्ण शाकाहारी आहे. तिकडे जिथे तिथे बदक! सार्लाच्या शनिवारच्या बाजारातून भाजी, चीज, अक्रोड आणून घरीच रांधावं म्हणते. स्वयंपाकघर असलेलं घर सार्लात घ्यावं की नदीकाठच्या एखाद्या गावात? कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.